मेस सोडावी की डबा लावावा? आधी चुकणाऱ्या जेवणांचा हिशेब मांडावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रथम वर्षाला असून महाविद्यालयाच्याच वसतिगृहात राहतो. पहिल्या सत्रात मेस सक्तीची होती, दुसऱ्या सत्रापासून ती ऐच्छिक आहे. मेसचे नाश्ता आणि दोन जेवणांसह पाच महिन्यांचे १९,००० रुपये भरावेत, की ते न भरता बाहेरून २,८०० रुपये महिन्याचा दोन वेळचा डबा लावू द्यावा, हे आपल्याला ठरवायचे आहे. मुलाच्या मते पाच हजार रुपये वाचतील आणि जेवणही बरे मिळेल. आपल्याला धास्ती आहे ती तो जेवणाची हेळसांड करील याची.

मी बावीस वर्षे वसतिगृहाचा रेक्टर होतो आणि त्यांपैकी बहुतेक वर्षे मेस कमिटीचे कामही माझ्याकडेच होते. हाच प्रश्न घेऊन दर डिसेंबरात पालक माझ्याकडे येत. त्यांना मी सरसकट ‘मेस सोडू नका’ असे कधीच सांगितले नाही, कारण काही मेस खरोखरच सोडण्याच्या लायकीच्या असतात. मात्र महिन्याचा दर बघून निर्णय घेऊ नका, एवढे प्रत्येकाला सांगितले. दर हा छापलेला आकडा असतो; मुलगा महिन्यातल्या साठ जेवणांपैकी किती जेवणे प्रत्यक्षात जेवतो आणि उरलेल्या वेळी काय खातो, यावर खरा खर्च ठरतो आणि प्रकृतीही त्यावरच ठरते.

म्हणून आधी मुलाकडून मागच्या दोन आठवड्यांचा हिशेब घ्यावा. तो उलटतपासणीच्या सुरात घेऊ नये, फोनवर गप्पा मारता मारता घ्यावा. सोमवारी सकाळी काय खाल्ले, प्रॅक्टिकल असलेल्या दिवशी दुपारी कुठे जेवला, सबमिशनच्या आठवड्यात रात्री किती वाजता जेवला, एवढे विचारले तरी चित्र स्पष्ट होते. माझ्या अनुभवात प्रथम वर्षाच्या मुलाचा नाश्ता सर्वांत जास्त चुकतो, कारण मेस सकाळी नऊला बंद होते आणि पोरगा साडेआठला उठून धावत वर्गात जातो. त्याखालोखाल दुपारचे जेवण चुकते, कारण दोन तासिकांमधल्या पाऊण तासात वसतिगृहापर्यंत जाऊन, रांगेत उभे राहून, जेवून परत येणे जमत नाही. रात्रीचे जेवण सहसा चुकत नाही.

आता आपलेच आकडे घेऊन बघू. मेसचे १९,००० रुपये भरले आणि महिन्यातून आठ दुपारी तो कँटीनमध्ये ऐंशी रुपयांचे काही खात असेल, तर महिन्याला ६४० आणि पाच महिन्यांना ३,२०० रुपये वर जातात, म्हणजे एकूण २२,२०० झाले. दुसरीकडे डब्याचे १४,००० दिसतात, पण डब्यात नाश्ता नाही. सव्वीस दिवस तीस रुपयांचे पोहे किंवा उपमा धरला तरी महिन्याला ७८० आणि पाच महिन्यांना ३,९०० रुपये होतात. पुण्यातले बहुतेक डबे आणि खानावळी रविवारी संध्याकाळी बंद असतात. महिन्यातल्या चार रविवारी शंभर रुपयांप्रमाणे आणखी ४००, म्हणजे पाच महिन्यांचे २,०००. बेरीज १९,९०० वर गेली. दोहोंत फरक राहिला तो २,३०० रुपयांचा, म्हणजे महिन्याला ४६० रुपयांचा, आणि तोही मी धरलेले अंदाज बरोबर असतील तरच. मुलगा मित्रांबरोबर महिन्यातून दोनदा जास्त बाहेर जेवला की तो फरक संपतो. नाश्ता तो करतच नाही असे आपण म्हणाल, तर डब्याच्या बाजूचे ३,९०० रुपये वाचतील हे खरे. पण अठरा वर्षांच्या मुलाने सकाळी उपाशी राहण्याला बचत म्हणणे मला पटत नाही.

तुलनेसाठी एक सरकारी आकडाही सांगतो. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून जी स्वाधार योजना सुरू झाली, तीत पुण्यासारख्या शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरवले होते आणि त्यातला भोजन भत्ता ३२,००० रुपयांचा होता. तेव्हापासून झालेली भाववाढ लक्षात घेता, दोन सत्रांचे ३८,००० हा मेसचा दर मला अवाजवी वाटत नाही. तो स्वस्त आहे असेही नाही.

पैशाने प्रश्न सुटत नाही हे एकदा मान्य केले की दुसऱ्या गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. त्यांतली पहिली खाड्यांची, म्हणजे न घेतलेल्या जेवणांची. मेसच्या नियमपत्रकात खाड्यांविषयीचे कलम नीट वाचावे. बहुतेक ठिकाणी सलग तीन किंवा अधिक दिवस गैरहजर असाल आणि आदल्या दिवशी लेखी कळवले असेल तरच त्या दिवसांचे पैसे वजा होतात. एखाद्या दुपारी जेवला नाही तर काहीच मिळत नाही. हे कलम जाचक वाटले तरी त्यामागे कारण आहे. कंत्राटदार दर लावतानाच धरून चालतो की शंभरांतली वीस-पंचवीस मुले एखाद्या वेळी येणार नाहीत, आणि त्या न आलेल्यांच्या पैशातून तो भाजी-तेलाची भाववाढ आणि रविवारची फीस्ट, म्हणजे गोडाधोडाचे खास जेवण, भागवतो. आपण नियमित जेवणारे असाल तर गैरहजर मुले आपले ताट स्वस्त करतात, आणि आपण गैरहजर राहणारे असाल तर इतरांच्या गुलाबजामचे पैसे भरता. शनिवार-रविवारी मुलगा वारंवार घरी किंवा मामाकडे जात असेल, तर तीन दिवसांचे कलम त्याला कधीच लागू होणार नाही.

डबेवाल्यांकडे हा व्यवहार सैल असतो. आदल्या रात्री फोन केला की खाडा धरतात आणि तेवढे डबे पुढच्या महिन्यात ओढतात. काही जण महिना न धरता साठ डब्यांचे कार्ड देतात; ते संपेल तेव्हा संपेल. ज्या मुलाचे वेळापत्रक विस्कळीत आहे त्याला हे सोयीचे पडते. यात मेसपेक्षा डबा निश्चित सरस आहे आणि तसे सांगताना मला संकोच वाटत नाही.

मात्र आपला निर्णय दुसऱ्या सत्राचा आहे. हे सत्र जानेवारीत सुरू होऊन मेपर्यंत जाते. जानेवारी-फेब्रुवारीत जो डबा उत्तम वाटतो तोच एप्रिलमध्ये वेगळा निघतो. डबा करणाऱ्या मावशी अकरा वाजता स्वयंपाक उरकतात, साडेबाराला डबा वसतिगृहाच्या फाटकावर येतो, मुलगा दोन वाजता उघडतो. शिजवलेले अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, हा अन्नसुरक्षेचा साधा नियम आहे, आणि पुण्याचा पारा अडतीस-चाळीस अंशांना टेकलेला असताना तर तोही सैलच म्हणावा लागेल. सर्वांत आधी बिघडतो तो भात. वास येण्याआधीच त्यात जंतू वाढलेले असतात आणि नंतर गरम करूनही त्यांचे विष पूर्णपणे जात नाही, त्यामुळे ‘वास तर येत नव्हता’ हे पोटदुखीने लोळणाऱ्या मुलाच्या तोंडचे वाक्य मी दर उन्हाळ्यात ऐकले आहे. पोळी आणि सुकी भाजी तुलनेने टिकते. म्हणून उन्हाळ्यात दुपारच्या डब्यात भात नको, त्याऐवजी दोन पोळ्या जास्त द्या, असे मावशींना सांगता येते आणि त्या ऐकतातही.

दुसरी अडचण मे महिन्याची. लग्नसराई आणि मुलांच्या शाळेच्या सुट्या यांमुळे घरगुती डबा देणाऱ्या अनेक मावशी आठ-दहा दिवस गावी जातात, आणि नेमकी तेव्हाच मुलांची पीएल (परीक्षेच्या तयारीची सुटी) आणि परीक्षा असते. त्या आपल्यावर अन्याय करतात असे नाही. त्यांनाही सुटी हवीच. परंतु परीक्षेच्या आदल्या दिवशी ‘उद्यापासून डबा बंद’ असा निरोप आलेली मुले मी पाहिली आहेत. डबा ठरवतानाच एप्रिल-मेमधले बंदचे दिवस विचारून घ्यावेत आणि ते दिवस मेसमध्ये कूपन घेऊन जेवता येईल का, याची वसतिगृहात चौकशी करावी. बऱ्याच मेसमध्ये पाहुण्यांसाठी कूपन असते. ते सत्राची फी न भरलेल्या विद्यार्थ्याला देतात की नाही, हे मात्र ठिकाणाप्रमाणे बदलते.

अन्न किती पौष्टिक आहे याविषयी पालक मला जेवढे विचारत, तेवढे मुले कधीच विचारत नसत. साधा डबा म्हणजे चार पोळ्या, एक भाजी, वरण आणि भात. चार पोळ्यांच्या शंभर ग्रॅम कणकेतून अकरा-बारा ग्रॅम प्रथिने मिळतात, पातळ वरणाच्या वाटीतून चार-पाच, भात आणि भाजीतून आणखी चार-पाच. म्हणजे एका डब्यात वीस-बावीस ग्रॅम आणि दोन डब्यांत जेमतेम बेचाळीस. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे साठ किलोच्या मुलाला पन्नास ग्रॅम. ही आठ-दहा ग्रॅमची तूट ग्लासभर दूध आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे, किंवा चालत असल्यास दोन उकडलेली अंडी यांतून सहज भरून निघते. मेसच्या नाश्त्यात दूध किंवा अंडे असेल तर ती तिथेच भरून निघत असते, आणि नाश्ता गेला की प्रथम तेच जाते. प्रश्न मुलीचा असता तर मी लोहाचेही बोललो असतो, कारण त्याच शिफारशीत पुरुषांसाठी दिवसाला १९ आणि स्त्रियांसाठी २९ मिलिग्रॅम लोह सांगितले आहे आणि ते साध्या डब्यातून मिळणे कठीण असते.

मेस वाईट आहे असे मुलगा म्हणतो, ते कितपत खरे मानावे? तक्रारवहीवर मी फारसा विसंबत नसे, कारण तिच्यात ‘बटाटा फार होतो’ हे वाक्य बारा महिने असते. मी दोन गोष्टी बघत असे: कणीक किती लागली आणि उष्ट्याची बादली किती भरली. एका किलो कणकेच्या तीस-पस्तीस पोळ्या होतात. हजेरी तीच असताना कणीक कमी लागू लागली, तर मुले पोळ्या टाळून बाहेर खात आहेत हे कळते. बादलीत वरण-भात जास्त दिसला तर आचारी बदलला आहे का ते बघावे, आणि भाजी जास्त दिसली तर तेल बदलले आहे का ते बघावे. आपल्याला हे सर्व करता येणार नाही, पण एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी पुण्याला येऊन मुलाबरोबर मेसमध्ये जेवता येईल. रविवारी जाऊ नये. रविवारी फीस्ट असते आणि फीस्टवरून मेस ओळखणे म्हणजे लग्नाच्या पंगतीवरून घरची रोजची आमटी ओळखणे. जेवताना पिण्याचे पाणी कुठून येते तेही पाहावे. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण आढळले आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले, तेव्हापासून हा प्रश्न कुणी हसण्यावारी नेत नाही. डब्याच्या बाबतीतही तीच चौकशी करावी: मावशींच्या स्वयंपाकघरात एकदा डोकवावे, अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक आहे का ते विचारावे आणि डबा स्टीलचाच मागावा.

आता मला ज्या मुद्द्यावर थोडे थांबायचे आहे त्याकडे येतो. मेसच्या हजेरीची वही कंत्राटदाराच्या बिलासाठी असते, पण मी ती रोज रात्री वेगळ्या कारणाने चाळत असे. घरी गेल्याचा अर्ज नाही आणि तरी सलग चार-पाच वेळा खाडा दिसतो, अशा मुलाच्या खोलीवर मी जात असे. कधी कावीळ निघाली, कधी दारे लावून झोपलेला मुलगा निघाला, कधी नुसताच आळस निघाला. एका वर्षी एक मुलगा नऊ दिवस मेसमध्ये आला नव्हता. मेसचे जेवण आवडत नाही, असे त्याने घरी कळवले होते आणि वडिलांनी मेस बंद करण्याचा अर्जही पाठवला होता. दोन संध्याकाळी त्याच्याजवळ बसल्यावर कळले की त्याची गावाकडची बोली ऐकून वरच्या वर्गातली काही मुले रांगेत उभे असताना त्याची नक्कल करीत, त्यामुळे तो वडापाव आणि बिस्किटांवर दिवस काढत होता. त्या मुलांना समज दिली, त्याची जेवणाची वेळ अर्ध्या तासाने पुढे करून दिली, आणि मेस सोडण्याचा विषय परत निघाला नाही. ती वही नसती तर डबा लागला असता आणि तो एकट्यानेच खोलीत खाल्ला गेला असता.

आपल्या मुलाचे असेच काही असेल असे मी म्हणत नाही. दहांपैकी नऊ मुलांना खरोखर फक्त चव आणि वेळ यांचाच त्रास असतो. तरीही ‘मेस का नको?’ हा प्रश्न एकदा शांतपणे विचारून घ्यावा आणि उत्तर जेवणाविषयी आहे की मेसविषयी आहे, हे ऐकावे. ‘भाजी तेलकट असते’ हे जेवणाविषयीचे उत्तर झाले. ‘तिथे जायला नको वाटते’ हे मेसविषयीचे उत्तर झाले, आणि दुसऱ्या उत्तरावर डबा हा उपाय नाही. वसतिगृह म्हणजे आधी जेवण आणि मग खोली, असा आपल्याकडचा जुना क्रम आहे. १९२४ साली साताऱ्यात भाऊराव पाटलांनी वसतिगृह चालवायला घेतले तेव्हा मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, खोल्यांसाठी नव्हे. आणि निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीला बसणे हा त्या वसतिगृहाचा गाभा होता. आजच्या कंत्राटी मेसला त्या परंपरेचा मान द्यावा असे मी सुचवीत नाही, पण पहिल्या सत्रात मेस सक्तीची करण्यामागे कंत्राटदाराची सोय एवढेच कारण नसते.

खोलीत स्वयंपाक करण्याचा पर्याय आपण विचारलेला नाही, पण डबा लागला की पुढच्या महिन्यात इंडक्शन येतेच, म्हणून दोन वाक्ये. दोन हजार वॉटची शेगडी नऊ अँपिअरच्या आसपास वीज ओढते आणि खोलीतला साधा प्लग सहा अँपिअरचा असतो. तो जळतो, मजल्याचा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा खटका) पडतो आणि दंड होतो. जिथे नियमांत परवानगी असेल तिथे केटल ठेवावी, त्यात दूध तापवू नये.

आता माझा सल्ला. आपण दिलेल्या माहितीवरून, मुलगा रात्रीचे जेवण मेसमध्ये नियमित घेत असेल आणि त्याला जायला काही अडचण नसेल, तर हे एक सत्र मेस चालू ठेवावी आणि दुपारचा प्रश्न वेगळा सोडवावा. मेस कमिटीला भेटून दुपारचे जेवण सकाळी डब्यात भरून नेण्याची सोय मागता येते. आमच्याकडे प्रॅक्टिकलच्या दिवशी वीस-पंचवीस मुले असे डबे नेत असत आणि कंत्राटदाराचीही त्याला हरकत नसे, कारण दुपारची रांग कमी होई. काही महाविद्यालयांत फक्त रात्रीची मेस लावता येते. तसे असेल तर रात्री मेस आणि दुपारी एकवेळचा डबा ही जोडी मला सर्वांत चांगली वाटते. याउलट तो दर शनिवार-रविवार बाहेर असेल, दुपारी कधीच पोहोचू शकत नसेल, आणि बुधवारच्या भेटीत आपल्यालाही ताट आवडले नाही, तर डबा लावू द्यावा. मुलाने स्वतः चौकशी करून डबा शोधला असेल तर ती त्याच्या बाजूची गोष्ट समजावी. नुसते मित्राचे ऐकून म्हणत असेल तर थोडे थांबावे.

मेसचा पर्याय कळवण्याची मुदत सत्र सुरू झाल्यावर बहुधा एक-दोन आठवड्यांतच संपते. तेवढ्या दिवसांत मेस चालू असतानाच तीन दिवसांचा डबा सुटे पैसे देऊन मागवून पाहावा, त्यातला एक दिवस प्रॅक्टिकलचा असावा, आणि तिन्ही दिवशी डबा किती वाजता आला व किती वाजता उघडला हे मुलाने लिहून ठेवावे. त्यानंतर मेस बंद करायची ठरली, तर तोंडी सांगून भागवू नये. मुलाच्या सहीचा आणि आपल्या संमतीचा अर्ज मुदतीच्या आत वसतिगृह कार्यालयात द्यावा, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी आणि ती प्रत घरी ठेवावी, कारण मेसचे डिपॉझिट वर्षाच्या शेवटी परत मागताना कार्यालय पहिल्यांदा तोच कागद विचारते.